गिरणीतला हंस

विजेची मीटरं सांगलीत कुठं कुठं असतात हे दीपाली मगदूमला विचारावं. जिन्याखाली असतात, न्हाणीच्या दारामागं असतात, देव्हाऱ्याच्या बरोबर डोक्यावर असतात. खणभागातल्या एका तालमीत मीटर आखाड्याच्या पलीकडच्या भिंतीवर होतं. दर महिन्याला वस्ताद मोठ्यानं ओरडून कुस्ती थांबवायचे, पैलवान भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे, आणि दीपाली चपला हातात घेऊन तांबड्या मातीच्या कडेकडेनं जायची. आकडा टिपून बाहेर पडली की आतून पुन्हा शड्डूचा आवाज.

अकरा वर्षं ती अशी घरोघरी रीडिंग घेत हिंडली. कंपनीची नव्हे, ठेकेदाराची माणूस. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, हातात मोबाईल. मीटरचा फोटो काढायचा, आकडा भरायचा, पुढचं दार. दिवसाला दीडशे-दोनशे दारं होत.

माझी तिची ओळख आमच्या मीटरमुळंच झाली. आमचं मीटर कोठीच्या खोलीत आहे. एकदा रीडिंग घेऊन ती बाहेर आली आणि म्हणाली, "सर, तुमच्या फडताळाच्या दारावर पोपट कोरलाय. बघितलाय का कधी?"

चाळीस वर्षं मी त्या फडताळातून गूळ-शेंगा काढून खात आलो. पोपट मी पाहिलेला नव्हता. त्या महिन्यात आमचं बिल 'रीडिंग उपलब्ध नाही' असं छापून आलं, कारण बाईंनी मीटरऐवजी पोपटाचाच फोटो वर पाठवला होता. सुपरवायझर तिला पुष्कळ बोलला. ती आमच्याकडं येऊन माफी मागून गेली आणि जाताना पोपटाचा आणखी एक फोटो काढून गेली, आधीचा हलला होता म्हणून.

तिच्या मोबाईलमध्ये असलं बरंच काही होतं. उंबऱ्यावरची वेलबुट्टी, रंगीत काचांची तावदानं, घोड्याच्या तोंडाची कडी, एका न्हाव्याच्या दुकानात आरशाच्या चौकटीवर रंगवलेली द्राक्षं. घरी गेली की हे सगळं सासूला दाखवायचं. सासू चंदनबाला सूर्य मावळायच्या आत जेवून घेत, मग सोप्यात पाय पसरून बसत आणि म्हणत, "हं, सांग. आज कुणाच्या घरात काय बघितलंस?" नवरा सम्मेद हळदीच्या वखारीतून पिवळे हात घेऊन येई, तोवर सासूसुनांचं निम्मं गाव फिरून झालेलं असे.

मग नवी मीटरं आली. ही मीटरं आपला आकडा आपणच कंपनीला कळवतात, माणूस लागत नाही. ठेकेदारानं सांगितलं, मार्चपर्यंत काम आहे. तोवर बसवणाऱ्यांबरोबर फिरा आणि जुनी मीटरं कुठं लपलीत ती दाखवा.

म्हणजे स्वतःचं काम संपवायला स्वतःच वाट दाखवायची. दीपालीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा सासू एवढंच म्हणाली, "मग मार्चपर्यंत नीट बघून घे सगळं."

तिच्या जोडीला आला धनाजी जाधव. कोरेगावकडचा, फौजेत सतरा वर्षं तारा जोडून आलेला, पन्नाशीचा. बोलणं मोजकं, हात भरभर. सकाळी भेटला की पहिलं वाक्य ठरलेलं, "मॅडम, टारगेट बारा हाय."

डिसेंबरातल्या एका सकाळी दोघं नानासो चौगुल्यांच्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरण खणभागातली, रस्त्याला लागून. नानासो साठीचे, भुवयांवर कायम पीठ. मीटर मागच्या भिंतीवर, लाकडी बोर्डावर. धनाजीनं गंजलेले चार स्क्रू काढले, बोर्ड ओढला, पिठाचा धुरळा उडाला, एक पाल पळाली. आणि पांढऱ्या भिंतीवर दीड फुटाचा एक चौकोन उघडा पडला. निळाशार.

त्या निळ्यात एक पांढरी मान होती. बाकदार, लांब. वर काळा डोळा आणि लाल चोच. कोपऱ्यात पिवळ्या चंद्राची कड.

धनाजीनं ड्रिल उचललं.

"थांबा!" दीपाली ओरडली.

तो दचकून मागं सरला. "काय झालं? करंट हाय?"

"हंस हाय."

"आं?"

तिनं बोट दाखवलं. धनाजीनं पाहिलं. नानासोंनीही दळणाचे डबे बाजूला सारून येऊन पाहिलं.

"मॅडम," धनाजी शांतपणे म्हणाला, "फॉर्मवर लिवलंय, जुन्याच जागी बसवणे. हंस हाय म्हणून बसवलं न्हाई, असं मी कुठल्या रकान्यात लिवू?"

"बसवा तुमी," नानासो म्हणाले. "चार दळणं खोळंबल्यात. गिरणीत हंसाला काय पीठ चारायचंय व्हय?"

दीपाली भिंतीला पाठ लावून उभी राहिली. अकरा वर्षांत ती कुणाच्या घरात अशी अडून उभी राहिलेली नव्हती. "दोन फूट डावीकडं बसवा. वायर पुरतीया."

धनाजीनं वायर ओढून बघितली. पुरत होती. त्यानं ड्रिल खाली टेकवलं.

"लडाखला आमच्या एका साहेबानं तंबू हलवायला लावला हुता," तो म्हणाला. "आत पाखरानं घरटं केलंय म्हणून. लय शिव्या घातल्या मी मनात. पण हलवला मीच." आणि त्यानं डावीकडं भोक पाडायला घेतलं.

नानासोंना एवढंच माहीत होतं की त्यांच्या वडलांनी एकोणऐंशी साली ही जागा घेतली तेव्हा तिथं फोटोवाल्याचं दुकान होतं. कौमुदी फोटो स्टुडिओ. वडलांनी आल्या आल्या मीटरचा बोर्ड ठोकला आणि मग चुना मारला. चुन्यावर चुना दर दिवाळीला. फक्त मीटरचा बोर्ड कधी कुणी हलवला नाही.

दीपालीला त्या दिवसापासून हंस सोडेना. त्या काळी फोटो काढायचा तर मागं चित्र लागायचं, हे सासूनं सांगितलं. म्हणजे कौमुदीत काढलेला कुणाचाही फोटो सापडला तर मागची भिंत दिसेल. मग तिनं फिरता फिरता विचारायला सुरुवात केली, "तुमच्याकडं जुना फोटो हाय का? मागं हंस असलेला?"

मीटरवाली बाई हंस का विचारते, हे कुणालाच कळेना. एकानं लग्नाचा अल्बम आणला, त्यात थर्माकोलचे हंस होते. आणि मग कशी कोण जाणे, खणभागात आवई उठली की कौमुदीचा फोटो दाखवला की जुनंच मीटर ठेवतात. नवी मीटरं तशीही कुणाला नको होती. दोन दिवसांत लोक फोटो घेऊन दीपालीला गाठायला लागले. रिक्षा थांबवून एका बाईनं सासऱ्याच्या फोटोची चौकट तिच्या हातात दिली. धनाजीनं कपाळाला हात लावला. "मॅडम, टारगेट बारा. आज तीन झाली."

दीपालीनं सगळ्यांना खरं सांगितलं. निम्मे चिडून गेले. उरलेल्यांनी फोटो तरी बघा म्हणून दाखवले. त्यातले अकरा कौमुदीचे निघाले.

तिनं मोबाईलमध्ये उतरवून घेतलेले ते फोटो छापून आणले आणि सोप्यात फरशीवर मांडले. चंदनबालांनी चष्मा पुसला आणि दोघी भिंत जुळवायला बसल्या. अडचण अशी की प्रत्येक फोटोत भिंतीचा चांगला भाग कुणाच्या तरी डोक्यामागं. फेट्यामागं राजवाडा, अंबाड्यामागं डोंगर. तरी हळूहळू जमत गेलं. तळं, बर्फाचे डोंगर, चंद्र, दोन हंस, पायऱ्यांचा महाल. काश्मीरसारखं काहीतरी. आणि उजव्या कडेला कमानीच कमानी.

"आत्ती, ह्यो कसला पूल?"

चंदनबालांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "आयर्विन पूल हाय की."

"काश्मीरच्या तळ्यात?"

"मग? सांगलीचं माणूस दुसरा कुठला पूल काढंल?"

त्या अकरा फोटोंतल्या एकात तीन वर्षांचं एक पोर स्टुलावर उभं राहून गळा काढत होतं. तो फोटो नानासोंच्या थोरल्या बहिणीकडून आलेला. दीपालीनं तो गिरणीत नेला.

"हे रडतंय कोण?" नानासोंनी विचारलं.

"तुमी. आक्कांनी सांगितलं."

नानासोंनी हात पुसले, फोटो घेतला. स्टुलाच्या मागं, पोराच्या कानाशी, हंसाची मान होती. ते एकदा फोटोकडं आणि एकदा भिंतीकडं बघत राहिले. पट्टा तसाच फिरत होता.

"सोमवारी गिरण बंद आसती," शेवटी ते म्हणाले. "सोमवारी या. खरवडा काय खरवडायचं ते. पण धुरळा झाला तर झाडून जायचं."

बारावा फोटो बनुबाईंनी दिला. ऐंशीच्या पुढच्या बनुबाई गिरणीच्या मागच्या बोळात राहतात. फोटोत त्या आणि त्यांचे मालक, दोघंही घाबरलेले. दीपालीनं सहज विचारलं, "आजी, ही भिंत कुणी रंगवली ठाऊक हाय?"

"नाथाजी सांगायचा, मुंबईवरनं पेंटर आणला," बनुबाई म्हणाल्या. नाथाजी म्हणजे फोटोवाला. "कसला पेंटर न् कसलं काय. लीलीनं काढलंय ते. त्याच्या बायकूनं. दुपारचं दार लावून घ्यायची. बाईमाणूस शिडीवर चढल्यालं कुणी बघू ने म्हणून. मी भाईर दाराशी बसायची. कोण आलं की कडी वाजवायची, की ही खाली."

"आणि नंतर? कुणाला सांगितलं न्हाई?"

"बायकूनं काढलंय म्हटलं आसतं तर गिऱ्हाईक हसलं आसतं. आता कोण हसतंय? जा, विचार जा तिलाच. पलूसला आसती. भाच्याकडं."

दीपालीला वाटलं होतं, काढणारं माणूस कधीच गेलं असणार. ती त्याच रविवारी पलूसला जायला निघाली. चंदनबाला आधीच पातळ बदलून दारात उभ्या होत्या. "मी बी येती. तू विचारशील अर्धं न् मला येऊन सांगशील पाव."

लीलाबाई चौऱ्याऐंशीच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत होऊन महिना झालेला, काळा चष्मा. शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. दीपालीनं मोबाईल पुढं धरला. लीलाबाईंनी चष्मा वर केला, बराच वेळ बघितलं. दीपाली वाट बघत होती. बाई रडतील, निदान हसतील.

"चोच लाल करायची न्हवती," लीलाबाई म्हणाल्या. "केशरी संपला हुता."

मग त्या बोलत्या झाल्या. हंस त्यांनी कधी पाहिला नव्हता. कृष्णेकाठी बदकं बघितली आणि मान लांब केली. डोंगर एका कॅलेंडरवरून. पूल मात्र रोज बघायच्या, तो मनानंच.

"पुन्हा काय काढलंत?" चंदनबालांनी विचारलं.

"ह्ये गेले, दुकान गेलं, हिकडं आली. हितं भिंती कुणाच्या? बैलांची शिंगं रंगवायची बेंदराला. निम्म्या गावाची बैलं दारात उभी ऱ्हायाची. आता बैलंच न्हाईत, ट्रॅक्टरला शिंगं कुठनं आणू?"

निघताना दीपालीनं सांगलीला येण्याचा आग्रह केला. लीलाबाईंनी मान हलवली. "एवढ्याशा तुकड्याला बघायला मी येत न्हाई. सगळी भिंत मोकळी कर. मग बोलीव."

मग सोमवार सुरू झाले. चित्रकला शिकवणाऱ्या एका मॅडमनी दीपालीला रीत सांगितली. पाणी लावायचं नाही, खरवडणी वापरायची नाही. तेलरंगावर चुना नीट धरत नाही, पापुद्रे सुटतात. सर्जरीचं पातं आडवं सरकवायचं आणि मऊ ब्रशनं झाडायचं. मूळ रंगावर नवा रंग मात्र अजिबात लावायचा नाही. पाती दवाखान्यांच्या मिरजेत गल्लोगल्ली मिळतात. पहिल्या सोमवारी दीपालीचा तळहाताएवढा महाल मोकळा झाला आणि मान अवघडली. दुसऱ्या सोमवारी धनाजीही सुट्टी टाकून आला. शिडी धरायला, असं म्हणाला, आणि तासाभरात त्याच्याच हातात पातं होतं. तार सोलायची सवय. त्याचा हात तिच्यापेक्षा हलका. नानासो लांब खुर्चीवर बसून सूचना द्यायचे आणि धुरळा कुठं गेला ते बघायचे.

सात सोमवार लागले. भिंत निघाली, पण सगळी नाही. दोन हजार एकोणीसच्या पुरात गिरणीत कमरेएवढं पाणी दोन दिवस होतं. तिथला गिलावा पडला, नानासोंनी सिमेंट करून घेतलं. म्हणून तळ्याचा खालचा भाग नाही. दुसरा हंस निम्मा. पुलाच्या तीनच कमानी. पण वर चंद्र, बर्फ, महालाच्या खिडक्या, आणि असा निळा रंग की दळण आणलेल्या बायका डबा खाली ठेवायला विसरायच्या. आणि आकाश पहिल्यापासून निळंच होतं, हे सांगितलेलं कुणी मानायचं नाही. ज्यांचे फोटो होते त्यांतलं कुणी म्हणायचं, गुलाबी होतं, कुणी म्हणायचं, पिवळं. काळ्यापांढऱ्या फोटोत साठ वर्षं ज्यानं त्यानं आपापला रंग भरलेला.

फेब्रुवारीत भाच्यानं लीलाबाईंना गाडीतून आणलं. बनुबाई काठी टेकत आधीच येऊन बसल्या होत्या. दोघींनी एकमेकींना बघितलं, आणि बनुबाईंनी हात लांब करून गिरणीच्या दाराची कडी वाजवली. लीलाबाई एवढ्या हसल्या की भाच्याला त्यांना धरावं लागलं.

मग त्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. चष्मा काढला. "डोंगर बरा जमलाय," म्हणाल्या. "ब्रश दे. चोच केशरी करती."

दीपाली गडबडली. मॅडमनी बजावलं होतं. "आजी, जुन्या रंगाला हात लावायचा न्हाई म्हणत्यात."

"कोण म्हणतंय? माजं हाय की ते."

दीपालीनं धनाजीकडं बघितलं, धनाजीनं छताकडं. शेवटी चंदनबाला म्हणाल्या, "लीलाबाई, लाल चोचीनंच सापडलाय त्यो. ऱ्हाऊ दे की." मग खाली पुरानं खाल्लेल्या, कोऱ्या सिमेंटकडं बोट करून म्हणाल्या, "ही जागा मोकळीच हाय. हितं काढा."

लीलाबाईंनी वाकून सिमेंटवर हात फिरवला. मग नानासोंना म्हणाल्या, "पाट आणा."

शटर पूर्ण वर होतं. रस्त्यावरून माणसं बघत होती, दोन रिक्षावाले थांबले, दळणाच्या बायका डबे घेऊन आत शिरल्या. लीलाबाई पाटावर बसून दीड तास रंगवत होत्या. मधेच त्या थांबायच्या, श्वास घ्यायच्या, पुन्हा लावायच्या. कुणीतरी विचारलं, आजी, हा पण हंस का? "बदक," त्या मागं न बघता म्हणाल्या. "आता जे बघितलंय तेच काढती." चोच केशरी केली. खाली ब्रशच्या टोकानं 'लीला' एवढं लिहिलं आणि पाय सरळ करायला कुणी हात देतंय का बघितलं.

नानासो आता भिंतीला पोती टेकवू देत नाहीत. गिऱ्हाइकांना ते चित्राचा इतिहास सांगतात, त्यातला बराचसा चुकीचा असतो. परवा मला म्हणाले, हंस थेट मानसरोवर बघून काढलाय.

मार्चअखेर दीपालीचं काम संपलं. ओळखपत्र परत घेतलं गेलं. दोन-तीन आठवडे ती घरात बसून होती. सासू बोलायची, ही नुसती हूं हूं करायची. मग एप्रिलमधल्या एका रविवारी ती ओळखीच्या चारजणांना खणभाग दाखवायला घेऊन निघाली. त्या चारांत मी होतो आणि चंदनबाला होत्या. तालमीतले वस्ताद, न्हाव्याची द्राक्षं, गिरण. कुठंच तिला बाहेर थांबावं लागलं नाही. "रीडिंगवाल्या ताई आल्या," म्हणत लोक दारं उघडत होते. आता दर रविवारी पंधरा-वीस माणसं असतात, पुण्याहूनही येतात. आठवडाभर ती एका दवाखान्यात केसपेपर लिहिते, आणि ते कामही तिला आवडतं.

मागच्या महिन्यात साताऱ्याच्या एका शाळेनं तिला बोलावलं. मुलांना आमच्या पेठा अशाच दाखवा म्हणाले. दीपाली म्हणाली, "मी तिथलं एकही दार उघडलेलं न्हाई. आधी मला बघू द्या." आणि ती रजा टाकून चार दिवस धनाजीच्या बहिणीकडं साताऱ्यात जाऊन राहिली.

पहिल्या दिवशी कुणी आत घेतलं नाही. कशाला, कोण, कुठल्या ऑफिसच्या? गळ्यात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका घरात कुत्रं अंगावर आलं. तिनं रात्री फोनवर सासूला सांगितलं, मी उद्या परत येते. चंदनबाला म्हणाल्या, "कशाला येतीस? पहिल्या वर्षी सांगलीतबी कुत्रीच लागत हुती की मागं."

तिसऱ्या दिवशीही ती त्याच पेठेतून, त्याच दारांवरून हिंडली. चौथ्या दिवशी सकाळी अंगणात रांगोळी काढणाऱ्या एका तरुण बाईनं मान वर केली. तिचं नाव राजनंदिनी.

"तुम्ही काल पण आला होता ना? आणि परवा?"

"व्हय."

"नक्की काय शोधताय?"

"ठाऊक न्हाई," दीपाली म्हणाली. "घरात आसं काय हाय का, जे तुमाला रोज दिसतं म्हणून तुमी बघत न्हाई?"

राजनंदिनी हसली. रांगोळीचे हात झटकून तिला आत घेऊन गेली. स्वयंपाकघरात गॅसच्या टाकीमागं फरशीत एक लोखंडी कडी होती. दोघींनी मिळून दगड उचलला. खाली अंधार, गार हवा, आणि कुठून तरी येऊन कुठं तरी जाणारं पाणी वाजत होतं. "सासरे म्हणतात, डोंगरातून येतं," राजनंदिनी म्हणाली. "आम्ही वर भाजीची टोपली ठेवतो."

दीपालीनं मोबाईल काढला, टॉर्च लावला आणि फरशीवर पालथी पडून आत डोकावली. दगडी कमान, शेवाळ, आणि पाण्याच्या वर हातभर उंचीवर कोरलेलं काहीतरी. मासा असावा, किंवा पान. राजनंदिनीनं चहा केला, तो गार होईपर्यंत दीपाली काही उठली नाही. मग राजनंदिनीही पदर खोचून तिच्या शेजारी पालथी झाली.